गहाण पडलेलं घर, दुखावलेला गुडघा

२९ जुलै १९४८ रोजी वेम्बलीच्या मैदानावर लंडन ऑलिंपिकचं उद्घाटन झालं. त्याच दिवशी लंडनच्या वायव्येला, स्टोक मँडेव्हिल नावाच्या रुग्णालयाच्या हिरवळीवर, चाकाच्या खुर्चीत बसलेले सोळा जण धनुष्याला बाण लावून नेम धरत होते. मणक्याला इजा होऊन कमरेखालचं अंग लुळं पडलेले हे माजी सैनिक. त्यांत दोन स्त्रिया. स्पर्धा भरवली होती त्यांच्या डॉक्टरांनीच. लुडविग गुटमान हे नाझींच्या तावडीतून निसटून इंग्लंडला आलेले ज्यू डॉक्टर. मणका दुखावलेला माणूस तोवर फार दिवस जगत नसे. पाठीला पडलेल्या जखमा आणि मूत्रमार्गातला संसर्ग त्याला संपवत. गुटमानांनी दर दोन तासांनी रुग्णाची कूस बदलायचा दंडक घातला आणि खेळ हा उपचाराचाच भाग करून टाकला. पुढे याच हिरवळीवरून पॅरालिंपिक उभं राहिलं.

त्या ऑलिंपिकसाठी लंडनला गेलेल्या भारतीय चमूत कराडजवळच्या गोळेश्वर गावचा बावीस वर्षांचा पैलवान होता. खाशाबा दादासाहेब जाधव. मातीत वाढलेल्या या मुलाला गादीची सवय नव्हती, आंतरराष्ट्रीय नियमही नवे होते. रीस गार्डनर या अमेरिकी प्रशिक्षकाने त्याला तयार केलं. ऑस्ट्रेलियाच्या आणि अमेरिकेच्या मल्लांना हरवून तो फ्लायवेट गटात सहावा आला.

हिरवळीवरचे तिरंदाज आणि हा पैलवान यांचा तेव्हा एकमेकांशी काही संबंध नव्हता. पण महाराष्ट्रातल्या खेळाचा इतिहास बघताना त्यांच्या गोष्टी जोडूनच वाचाव्या लागतात. शाळेतून वर येणाऱ्या खेळाडूच्या पाठीशी कोण उभं राहतं आणि दुखापतीने बसलेल्याला पुन्हा उभं कोण करतं, या दोन प्रश्नांना आपल्याकडे फार काळ एकच उत्तर होतं: कुणीतरी एक माणूस. कधी तो राजा असे, कधी वस्ताद, कधी प्राचार्य, कधी गिरणीमालक. खातं, योजना, अंदाजपत्रक या गोष्टी फार उशिरा आल्या, आणि आल्या तेव्हाही अर्ध्याच आल्या.

कोल्हापूरपासून सुरुवात करावी, कारण तिथे हे उत्तर राजाचं होतं. राजर्षी शाहू महाराज १९०२ मध्ये युरोपला गेले असता त्यांनी रोमचं कलोसियम पाहिलं आणि तसं मैदान आपल्या मल्लांसाठी असावं हे मनात घेतलं. १९१२ मध्ये खासबाग मैदान उभं राहिलं: मधोमध हौदा, भोवती उतरत्या बैठका, कुठूनही कुस्ती नीट दिसावी अशी बांधणी. गंगावेश, मोतीबाग, शाहूपुरी या तालमींमध्ये खेड्यापाड्यांतली पोरं येऊन राहू लागली. दरबारातून खुराक मिळे. दूध, तूप, बदाम हा शेतकऱ्याच्या घराला न झेपणारा खर्च. तो राजाने उचलला म्हणून शाळा-शेतातली मुलं कुस्तीत टिकली. त्याच राजाने शिकणाऱ्या मुलांसाठी वसतिगृहं काढली होती, हेही लक्षात ठेवायला हवं. बोर्डिंगात मुलगा शिकतो आणि तालमीत मुलगा घडतो, दोघांच्याही पोटाला आधी पाहिजे, हा साधा हिशेब त्यामागे होता.

तालमीबाहेर या मुलांची पहिली परीक्षा जत्रेत. गावोगावच्या जत्रेतल्या कुस्त्या दुपारी लहान पोरांपासून सुरू होत. रेवड्यांवरची कुस्ती, मग नारळावरची, मग रुपया-दोन रुपयांची, आणि दिवस कलताना इनामाची मोठी. आठ-दहा वर्षांचा पोरगा मूठभर रेवड्या जिंकून घरी जाई आणि पुढच्या जत्रेपर्यंत गाव त्याला पैलवान म्हणे. शालेय स्पर्धा नावाची गोष्ट खेड्यात पोचण्याआधी हीच त्यांची स्पर्धा होती.

आणि दुखापत? तालमीत ती रोजची. पैलवानाचे चेपलेले कान बघून माणूस ओळखावा. हौद्यातली माती म्हणजे नुसती माती नसते. तांबडी माती चाळून तीत ताक, तेल, हळद, लिंबू, कापूर असं काय काय घालून ती मळतात. मऊ राहावी, अंग सोलवटू नये, लहानसहान जखम चिघळू नये, हा हेतू. सराव संपला की ती अंगावर वाळू देऊन मग चोळून काढायची. खांदा निखळला, मनगट गेलं, की पोराला हाडवैद्याकडे न्यायचं. तो हाताने चाचपून सांधा बसवी, आंबेहळदीचा लेप लावी, बांबूच्या कामट्या लावून फडक्याने करकचून बांधी. महिना-दीड महिना मग मुलगा तालमीतच, पण हौद्याच्या काठावर.

काठावरचा हा काळ तालमीने वाया जाऊ दिला नाही, हे तिचं शहाणपण. जायबंदी पैलवान बारक्या पोरांच्या बैठका मोजे, पकडी दुरुस्त करी, मालिश करून देई. बरा होऊ लागला की आधी नुसत्या बैठका, मग जोर, मग हौद्यात उतरायचं ते लहानांना खेळवायला. जोडीच्या गड्याशी धरायची परवानगी वस्ताद देई तेव्हाच. आजचे फिजिओ ज्याला टप्प्याटप्प्याने पुनरागमन म्हणतात, त्याची ही गावठी आवृत्ती. बडोद्यात प्रा. माणिकराव यांच्या जुम्मादादा व्यायाममंदिरात तर व्यायामाच्या जोडीने हाडं बसवण्याची विद्याही नावाजलेली होती. आखाडा आणि दवाखाना एकाच अंगणात.

पण या विद्येचं गुणगान करताना हात आखडता घ्यायला हवा. निखळलेला खांदा हाडवैद्य बसवू शके. गुडघ्यातला फाटलेला अस्थिबंध लेपाने जुळत नाही. चुकीचं बांधल्याने हात कायमचा वाकडा राहिलेले पैलवानही गावोगाव होते, त्यांच्या कथा मात्र कोणी सांगत नाही. आणि ही सगळी सोय मुलग्यांपुरती. मुलींना हौद्याची पायरीही चढू देत नसत. महिलांची पहिली महाराष्ट्र केसरी सांगलीत झाली ती २०२३ मध्ये.

खाशाबांची गोष्ट इथे येते. जन्म १५ जानेवारी १९२६, पाच भावांत धाकटे. वडील स्वतः पैलवान. पाचव्या वर्षी पोराला मातीत उतरवलं. शिक्षण कराडच्या टिळक हायस्कुलात, मग कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात. अंगकाठी किरकोळ. सांगतात ते असं की, कॉलेजच्या वार्षिक स्पर्धेत क्रीडा शिक्षकाने त्यांना नावच देऊ दिलं नाही. ते थेट प्राचार्यांकडे गेले, प्राचार्यांनी खेळू दिलं आणि खाशाबांनी आपल्याहून थोराड गड्यांना चीत केलं. हे प्राचार्य म्हणजे बॅरिस्टर बाळासाहेब खर्डेकर.

१९४८ मध्ये लंडनला जायचा खर्च कोल्हापूरच्या महाराजांनी दिला. चार वर्षांनी हेलसिंकी ऑलिंपिकच्या वेळी पैसे मागायला राजाच उरला नव्हता. १ मार्च १९४९ रोजी कोल्हापूर संस्थान मुंबई राज्यात विलीन झालं होतं. लोकशाही आली ही आनंदाचीच गोष्ट, पण दरबाराने जे काम मर्जीने केलं होतं ते करायला नव्या राज्यात टेबल नव्हतं, कारकून नव्हता, कागद नव्हता. सरकारी मदत वेळेवर आली नाही. खाशाबा दारोदार फिरले. गोळेश्वर आणि कराडच्या लोकांनी, दुकानदारांनी जमेल तसं दिलं. तरी पुरेना, तेव्हा खर्डेकरांनी आपलं राहतं घर गहाण टाकून ७,००० रुपये उभे केले. एक शिक्षक आपल्या माजी विद्यार्थ्याला कुस्ती खेळायला फिनलंडला पाठवण्यासाठी घर गहाण टाकतो! या गोष्टीचं आपण इतकं कौतुक करत आलो आहोत की, तसं करायची वेळ का आली हे विचारायचं राहूनच जातं.

हेलसिंकीत खाशाबांनी कॅनडा आणि मेक्सिकोच्या मल्लांना हरवलं. जपानच्या शोहाची इशीशी लढत बराच वेळ चालली. इशी जिंकला, आणि पुढे सुवर्णपदकही त्यानेच नेलं. ती लढत संपते न संपते तोच खाशाबांना सोव्हिएत मल्लासमोर उभं केलं. दोन लढतींमध्ये अर्धा तास विश्रांतीचा नियम होता, पण तो दाखवून भांडायला त्या वेळी तिथे एकही भारतीय अधिकारी हजर नव्हता. दमलेल्या अंगाने ते लढले आणि हरले. बँटमवेट गटाचं ब्राँझ मिळालं: स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक.

कराडला शंभरावर बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. ती संपल्यावर खाशाबांनी केलेलं काम मिरवणुकीहून मोलाचं आहे. त्यांनी कुस्त्यांचा फड भरवला, स्वतः त्यात उतरले आणि मिळालेल्या पैशांतून खर्डेकरांचं घर सोडवलं. म्हणजे ऑलिंपिकचं पदक गळ्यात असलेला माणूस प्रवासखर्चाचं कर्ज फेडण्यासाठी फडात लढत होता, आणि त्यात हात-पाय मोडला असता तर भरपाई त्याचीच.

१९५५ मध्ये ते पोलिसांत फौजदार झाले. मेलबर्न ऑलिंपिक वर्षावर आलं होतं, तयारी चालू होती, आणि गुडघा दुखावला. १९५६ चं ऑलिंपिक हुकलं ते हुकलंच.

गुडघा ही पैलवानाची कच्ची बाजू. ढाक मारताना, पट काढताना पाय जमिनीत रुतलेला असतो आणि वरचं अंग गर्रकन फिरतं. सगळा पीळ गुडघ्यावर येतो. त्या काळात उपाय होता तो पाय बांधून पडून राहण्याचा. दुर्बिणीतून गुडघ्याची शस्त्रक्रिया करणं आपल्याकडे रुळायला अजून काही दशकं होती. तिशीला टेकलेला फौजदार, ड्यूटी सांभाळून, स्वतःच्या अंदाजाने गुडघा बरा करतो आहे. तालमीत त्याला सांभाळायला वस्ताद तरी असता. राष्ट्रीय संघाच्या खेळाडूला तेवढंही मिळत नव्हतं. खाशाबा पुढे पोलिस खात्यात क्रीडा प्रशिक्षणाचं काम करत राहिले, १९८३ मध्ये सहायक पोलिस आयुक्त म्हणून निवृत्त झाले आणि १४ ऑगस्ट १९८४ रोजी रस्त्यावरच्या अपघातात गेले. अर्जुन पुरस्कार मिळाला तो मृत्यूनंतर सोळाएक वर्षांनी.

दुखापतीने कारकीर्द संपली तर माणूस पुढे काय करतो, याचं एक वेगळं उदाहरण मुंबईत आहे. नोव्हेंबर १९५१, दिल्ली, इंग्लंडविरुद्धची कसोटी. चाळिशीतले विजय मर्चंट १५४ धावा काढतात. कसोटीतली ही त्यांची सर्वोच्च खेळी. त्याच सामन्यात क्षेत्ररक्षण करताना चेंडूवर झेपावतात आणि खांदा जायबंदी होतो. ते पुन्हा कसोटी खेळले नाहीत. मर्चंट गिरणीमालक घराण्यातले. पोटाची चिंता नव्हती. पण उरलेलं आयुष्य त्यांनी अंध-अपंगांच्या कामाला लावलं, अपंगांना नोकऱ्या मिळाव्यात म्हणून झटले. आणि त्यांच्याच संस्थेच्या मदतीने एका सांगलीकराचं विमानाचं तिकीट निघालं.

तो सांगलीकर म्हणजे मुरलीकांत पेटकर. जन्म १९४४, इस्लामपूरजवळचं पेठ हे गाव. सैन्यात गेलेला, इएमई या तांत्रिक दलातला बॉक्सर. १९६५ च्या युद्धात अंगात गोळ्या घुसल्या. एक पाठीच्या कण्यापाशी रुतली ती कायमची. कमरेखालचं अंग गेलं. बॉक्सिंग संपलं, हे सांगायला डॉक्टर लागत नव्हता. मुंबईच्या नौदल रुग्णालयात उपचार चालू असताना पोहायचा सल्ला मिळाला. हेतू पदकाचा नव्हताच. पाण्यात शरीराचं ओझं हलकं होतं आणि हातांना बळ येतं म्हणून.

पण खेळाडूचं अंग! पेटकरांनी टेबल टेनिसही धरलं आणि १९६८ मध्ये तेल अवीवच्या पॅरालिंपिकला गेले. भारताचा तो पहिलाच सहभाग. १९७२ मध्ये पश्चिम जर्मनीतल्या हायडेलबर्गला त्यांनी ५० मीटर फ्रीस्टाइल ३७.३३ सेकंदांत मारली. सुवर्णपदक आणि विश्वविक्रम. नेमबाज अभिनव बिंद्राच्या ऑलिंपिक सुवर्णाच्या ३६ वर्षं आधी. गुटमानांनी रुग्णालयाच्या हिरवळीवर रुजवलेला विचार असा पेठच्या एका जवानापर्यंत पोचला. त्याचा आवडता खेळ त्याला परत मिळाला नाही. खेळ मात्र मिळाला.

देशाने दखल घ्यायला वेळ लावला, तो नेहमीचाच. पद्मश्री २०१८ मध्ये, ‘चंदू चॅम्पियन’ हा चित्रपट २०२४ मध्ये, अर्जुन जीवनगौरव २०२५ मध्ये. पेटकर तेव्हा ऐंशी वर्षांचे होते. त्यांच्या पदकानंतर दोन वर्षांनी, १९७४ मध्ये, पुण्याजवळ खडकीला मणक्याला इजा झालेल्या जवानांसाठी पुनर्वसन केंद्र सुरू झालं. तिथे चाकाच्या खुर्चीवरचं बास्केटबॉल आजही खेळलं जातं. सैन्याने हे काम संस्था म्हणून केलं, म्हणून ते टिकलं.

शहरी क्रिकेटची गोष्ट वेगळी, ती थोडक्यात आटपता येते. मुंबईच्या शाळांना हॅरिस शील्ड, जाइल्स शील्ड या स्पर्धा शंभराहून जास्त वर्षं मिळत आल्या. मैदान, प्रशिक्षक, वर्तमानपत्रात धावफलक, सगळं. १९८८ मध्ये आझाद मैदानावर शारदाश्रम शाळेच्या तेंडुलकर-कांबळींनी ६६४ धावांची भागी रचली ती हॅरिस शील्डमध्येच. पुढे याच तेंडुलकरचा कोपर दुखावला तेव्हा ‘टेनिस एल्बो’ हा शब्द घराघरांतल्या आज्यांना पाठ झाला. २००५ मध्ये लंडनला शस्त्रक्रिया झाली, ऑक्टोबरमध्ये नागपूरला त्याने श्रीलंकेविरुद्ध ९३ धावा काढून पुनरागमन केलं. पाठीशी मंडळ होतं, डॉक्टर होते, वेळ होता. खेळाडूला हे सगळं मिळालं की काय होतं, ते त्या ९३ धावांनी दाखवलं.

संस्थांची आणि सरकारची बाजू कोरी आहे असं म्हणणं अन्यायाचं ठरेल. अमरावतीचं हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ पासून चालू आहे, त्याने शाळांना क्रीडा शिक्षक दिले. १९३८ मध्ये कांदिवलीला शारीरिक शिक्षणाचं सरकारी प्रशिक्षण केंद्र निघालं. १९९४ च्या राष्ट्रीय स्पर्धांसाठी बालेवाडीचं संकुल बांधलं गेलं, त्यानंतर दोन वर्षांनी शिवछत्रपती क्रीडा प्रबोधिनी सुरू झाली. दहावी-बारावीच्या खेळाडूंना वाढीव क्रीडागुण मिळतात, नोकऱ्यांत पाच टक्के आरक्षण आहे. यातून माणसं घडली. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा स्वप्निल कुसाळे २००९ मध्ये प्रबोधिनीत गेला, नाशिकला नेमबाजी शिकला आणि २०२४ मध्ये पॅरिसला ५० मीटर रायफल थ्री पोझिशन प्रकारात ब्राँझ घेऊन आला. खाशाबांनंतर ७२ वर्षांनी महाराष्ट्राच्या वाट्याला वैयक्तिक ऑलिंपिक पदक आलं. पण प्रबोधिनी असूनही गोळ्यांसाठी त्याच्या शिक्षक वडिलांनी कर्ज काढलंच. १९५२ मध्ये गुरूचं घर गहाण होतं, नंतर बापाच्या नावावर कर्ज. कर्ज काही खेळाडूचा पिच्छा सोडत नाही.

दुखापतीच्या बाबतीत तर शाळेच्या पातळीवर अजून काठावरचीच स्थिती आहे. आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा स्टीपलचेस धावपटू अविनाश साबळे जुलै २०२५ मध्ये मोनॅकोला पाण्याच्या अडथळ्यापाशी पडला, गुडघ्याचा अस्थिबंध फाटला. तो सैन्यात आहे, ऑलिंपिकपटू आहे. त्याची शस्त्रक्रिया झाली, पुनर्वसनाला तज्ज्ञ मिळाले. त्याच तालुक्यातल्या एखाद्या नववीतल्या कबड्डीपटूचा तोच अस्थिबंध जिल्हा स्पर्धेत फाटला तर काय होतं? मैदानावर बर्फाचा तुकडा सापडला तर नशीब. क्रीडा शिक्षक आपल्या मोटारसायकलवरून त्याला तालुक्याच्या दवाखान्यात नेतो, एक्स-रेमध्ये हाड शाबूत दिसतं, ‘मुका मार आहे’ म्हणून घरी पाठवतात. एक्स-रेत अस्थिबंध दिसत नाही. तीन आठवड्यांनी सूज उतरते, मुलगा पुन्हा मैदानात उतरतो आणि गुडघा पुन्हा दगा देतो. क्रीडागुण मिळतात ते खेळलेल्या स्पर्धांचे; पाय उंच ठेवून घरी काढलेल्या हंगामाचे नाहीत. त्यामुळे दुखत असताना खेळण्याची घाई मुलालाही असते, शाळेलाही, आणि खरं सांगायचं तर आई-बापांनाही.

जुन्या तालमीने निदान एवढं केलं होतं की, परत कधी उतरायचं हे पोराने ठरवायचं नाही, वस्तादाने ठरवायचं. आणि तोवर त्याला तालमीबाहेर काढायचं नाही. जायबंदी खेळाडूला गुण मोजायला ठेवा, नव्या पोरांना शिकवायला ठेवा, पण संघातून नाव पुसू नका. हे दोन नियम पाळायला शाळेला एक रुपयाही खर्च येत नाही.

खर्चाचं म्हणाल तर, खाशाबांचा जन्मदिवस, १५ जानेवारी, आता महाराष्ट्राचा राज्य क्रीडा दिन आहे. त्या दिवशी शाळांत प्रतिमेला हार घालतात, भाषणं होतात. यंदा शाळा व्यवस्थापन समित्यांनी त्याच दिवशी बैठक घेऊन क्रीडा खर्चाच्या तक्त्यात गणवेश, चेंडू, प्रवासभाडं यांच्या खाली ‘दुखापत व उपचार’ असा एक रकाना वाढवावा आणि त्यात थोडी का होईना, रक्कम टाकावी.